माझा आवाज बंगळूरला पोचेना तेव्हा

दादा मला स्वच्छ दिसायचा. दाढीचे राहिलेले खुंट, शर्टाचं चुकीच्या काजात गेलेलं बटण, मागच्या भिंतीवरचं कानडी कॅलेंडर, सगळं. त्याच्या डोक्यावरचा पंखा किती जोरात फिरतोय तेही मला शिवाजी पेठेतल्या माझ्या खुर्चीतून सांगता आलं असतं. अडचण एवढीच होती की मी त्याला दिसत नव्हते. माझा चेहरा म्हणे अर्धवट तोंड उघडून तसाच राहायचा आणि बोलणं तुकड्यातुकड्यांनी पोचायचं.

दादा माझा थोरला भाऊ. एका घरात वाढलो, आणि वहिनी गेल्यावर पुन्हा एका घरात आलो. मी लग्न केलं नाही. कारणं सांगत बसत नाही, कंटाळवाणी आहेत. तीन वर्षांपूर्वी दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, मग हळूहळू पाच-पंचवीस शब्द परत आले. वर्षभर मी त्याचं सगळं केलं. नंतर त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, त्याला बंगळूरला घेऊन गेला. तिथं दादाला दिवसभर सांभाळायला एक कानडी बाई आहे. प्रेमळ आहे, पण तिचं दादाला कळत नाही आणि दादाचं तिला. भाचा घरूनच काम करतो, पण दार लावून, इंग्रजीत. दादाच्या कानावर आपलं, पेठेतलं बोलणं पडायचं ते संध्याकाळी साडेसहाला, माझं.

आम्ही गप्पा मारत नव्हतो. गप्पांना दोघांकडे शब्द लागतात. मी त्याला फुटबॉल वाचून दाखवायचे. तरुणपणी तो आमच्या तालमीच्या संघाचा गोलकीपर होता आणि त्यानंतर पन्नास वर्षं, प्रत्येक गोलकीपर कसा चुकतो हे सांगणं हा त्याचा उद्योग होता. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. तरी आदल्या दिवशीच्या सामन्याची बातमी मी सकाळच्या पेपरातून कापून ठेवायचे आणि संध्याकाळी अक्षरन् अक्षर वाचायचे. हंगाम नसला की त्याच्या ट्रंकेतली जुनी कात्रणं. मध्येच मुद्दाम चुकायचे, कॉर्नरला पेनल्टी म्हणायचे. मग तो डावा हात झाडून म्हणायचा, "न्हाय!" तो एक "न्हाय" ऐकायला मी अख्खा दिवस काढायचे, हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही.

दिवाळीनंतर हे बिघडलं. "दादा, ऐकू येतंय का?" हे मी दर दोन ओळींनी म्हणायला लागले. नेमका गोल व्हायच्या वेळी आवाज जायचा. मी पुन्हा पहिल्यापासून वाचायचे, अजून मोठ्यानं. दहा मिनिटांच्या बातमीला चाळीस मिनिटं लागायची. दादा आधी कान पुढे करायचा, मग कपाळाला आठ्या घालायचा, मग डाव्या हातानं समोरचा टॅब ढकलून द्यायचा. मला त्याचं ढकलणंही स्वच्छ दिसायचं.

जानेवारीत भाचा म्हणाला, "आत्ती, थोडे दिवस बंद ठेवूया का? तो नंतर चिडतो, जेवत नाही. तुझ्याकडचं नेट सुधारलं की बघू."

हे "बघू" मला चांगलं माहीत आहे. कॉलेजच्या कचेरीत मी ते बत्तीस वर्षं ऐकलंय. मी म्हटलं, "मला आठ दिवस दे. आठ दिवसांत नाही सुधारलं तर मीच बंद करते."

तो बरं म्हणाला. त्याचा चेहरा चांगल्या मुलाचा होता आणि त्याची खात्री झाली होती की ही म्हातारी आठ दिवसांत काही दुरुस्त करणार नाही. तेही मला स्वच्छ दिसलं.

त्या कॉलेजात मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मुलं लंबक हलवायची, मी घड्याळाकडे बघायचे. तिथला एकच नियम मी पाळत आले: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच लिहून ठेवायचं. एक जुनी वही काढली. इंटरनेटला येण्याची वाट वेगळी आणि जाण्याची वेगळी, हे मला पहिल्या दिवशी कळलं. घरात येणारं सगळं झकास येत होतं. घरातून जाणारं जात नव्हतं. म्हणजे जगातलं कोणीही माझ्याकडे येऊन पाहिजे तेवढी बडबड करू शकत होतं, माझं मात्र कोणाला ऐकू जाणार नव्हतं. मी वहीत "अपलोड: अर्ध्या एमबीपेक्षा कमी" असं लिहिलं आणि पेन आपटलं.

केबल कंपनीच्या तक्रार नंबरला फोन केला. आधी एक ध्वनिमुद्रित बाई बराच वेळ गोड बोलल्या. मग एक खरा माणूस आला.

"मॉडेम आमच्याकडून घेतलेला नाही ना मॅडम? तुमचा स्वतःचा आहे. मग प्रॉब्लेम मॉडेमचा असणार. आमचा घ्या, भाड्यानं मिळतो."

भाड्यानं म्हटल्यावर माझं डोकं तापलं. तो मॉडेम दादानं झटक्याच्या आधी घेतला होता. भाड्याची वस्तू आपल्या घरात नको, हा त्याचा बाणा. जन्मात एकदाच त्यानं भाड्यानं सायकल घेतली, ती रंकाळ्यावर चोरीला गेली, तेव्हापासून लग्नाच्या मांडवातल्या खुर्च्या भाड्याच्या असतात याचंही त्याला वाईट वाटायचं. मी त्या माणसाला म्हटलं, "मॉडेम खराब आहे हे तुम्ही न बघता सांगताय. कसं कळलं?" त्यानं फोन धरून ठेवायला सांगितलं आणि ती गोड बाई पुन्हा आली.

मग मीच तपासायला बसले. मॉडेम बंद करून चालू केला. लॅपटॉप वायरनं थेट जोडून बघितला. घरातलं बाकी सगळं, म्हणजे एक फोन, बंद केला. सकाळी सहाला वेग मोजला, दुपारी मोजला, संध्याकाळी मोजला. पिना काढून फडक्यानं पुसून परत घट्ट फिरवल्या. मॉडेमचं स्वतःचं, लॅपटॉपवर उघडणारं एक पान असतं, त्यात तो किती ताकद लावून बाहेर आवाज पाठवतोय त्याचा आकडा दिसतो, हे वाचून शोधून काढलं. तो आकडा चोपन्न होता. बरा की वाईट, कळेना. चौथ्या दिवशी वहीची सहा पानं भरली आणि माझ्या लक्षात आलं, संध्याकाळचं वाचन सोडलं तर चार दिवसांत मी दूधवाल्याशी दोन वाक्यं बोलले होते आणि बाकीचं सगळं त्या ध्वनिमुद्रित बाईशी. घर मोठं नाही माझं, दोन खोल्या आणि गॅलरी. पण त्या दिवशी ते फार मोठं वाटलं. मी खुर्चीत बसून थोडी रडले, मग चहा केला.

तीन तक्रारींनंतर पाचव्या दिवशी केबलचा लाइनमन आला. पन्नाशीचा, खांद्यावर वायरचं वेटोळं, हातात मीटर. मॉडेमवरचा आकडा त्यानं बघितला आणि तो चुकचुकला.

"मावशी, मोडेमला काय झालं न्हाय. त्यो बिचारा वरडतोय."

"म्हणजे?"

"त्याचा आवाज आमच्यापतोर पोचंना म्हणून बेंबीच्या देठापासनं वरडतोय. चोपन्न म्हंजे लई झालं. मधी कायतरी खातंय." त्यानं मान वर केली. वायर गच्चीवरून गॅलरीत उतरली होती, तिथून दाराच्या चौकटीवरच्या एका छोट्या डबीत शिरली होती. डबीतून दोन वायरी निघाल्या होत्या. एक मॉडेमकडे. दुसरी भिंतीत. "आन ही कुठं जाती?"

मला माहीत होतं कुठं जाते. माझ्या वहीत पिना होत्या, वेळा होत्या, आकडे होते, फक्त ती वायर नव्हती. बत्तीस वर्षं पोरांना सांगितलं की सोयीचं तेवढंच नोंदवायचं नाही, आणि मी स्वतः पाच दिवस त्या डबीखालून येत-जात होते.

ती वायर शेजारच्या अक्कांकडे जाते. आमच्या दोन्ही घरांची भिंत एक, गॅलरीही एकच, मध्ये फक्त पत्रा. दहा-बारा वर्षांपूर्वी अक्कांचे यजमान अंथरुणाला खिळले. त्यांना टीव्ही हवा होता आणि नवीन कनेक्शनला महिना लागणार होता. दादानं एका रविवारी छिन्नी-हातोडा घेतला, भिंतीला भोक पाडलं आणि आमच्यातली केबल त्यांना ओढून दिली. पेठेत हे नवं नाही. एका केबलवर दोन घरं चालायची. यजमान गेले, वायर राहिली.

आणि आमचा अबोलाही राहिला. ज्या दिवशी भाचा दादाला घेऊन गेला, गाडी वळली, मी अजून रस्त्यावरच उभी होते. अक्का गॅलरीतून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बरं झालं न्हेलं, बाई. तुमच्यानं निभत न्हवतं." मी वर्षभर त्याला उचललं होतं, बसवलं होतं, भरवलं होतं. मी वर आले, दार लावलं आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं. दोन वर्षं होऊन गेली. समोरासमोर आलो तर मी पिशवीत काहीतरी शोधते. वायर मात्र मी कधी काढली नाही. काढली असती तर भांडण झालं असं झालं असतं. नुसता अबोला परत बोलून मोडता येतो.

"शेजारी जाते," मी लाइनमनला म्हटलं.

"तिकडं टीव्हीला लावलीया का तोंड उघडंच हाय? उघडं आसलं तर सगळा कचरा हितनं आत शिरतोय बघा. इचारा की जरा."

"तुम्हीच विचारा."

त्यानं माझ्याकडे बघितलं, काय समजायचं ते समजला आणि गेला. पलीकडून त्याचं मोठ्यानं बोलणं ऐकू आलं, अक्कांचं नाही. पाच मिनिटांत परत आला.

"टीव्ही न्हाय तिथं. दिवाळीत त्येंच्या भाच्याला दिऊन टाकला म्हंत्यात. वायर तशीच भिताडाला लोंबतीया."

"का दिला?"

"दिसत न्हाय की त्यास्नी. साखरंनं डोळं गेल्यात. तुमास्नी म्हाईत न्हाय?"

मला माहीत नव्हतं. आमच्यात नऊ इंचांची भिंत आहे. मी वहीचं पहिलं पान उघडलं. तिथं माझ्याच अक्षरात होतं: बिघाड सुरू, दिवाळीनंतर.

"मग काय करू? काढू का ठिवू?" लाइनमन स्टुलावर चढलेला होता. "त्या काढा म्हणाल्या. त्यास्नी आता काय उपेग?"

त्या काढा म्हणाल्या, हे मला लागलं. आपण जपलेली वस्तू दुसऱ्यानं सहज सोडून द्यावी तसं. मला क्षणभर वाटलं, ठेवा म्हणावं. पण तीन दिवसांनी भाचा "बघू" म्हणणार होता आणि दादा तिकडे बंगळूरला, अकराव्या मजल्यावर, कानडी कॅलेंडरकडे तोंड करून बसणार होता.

"काढा," मी म्हटलं.

त्यानं डबी काढली, आमची वायर सरळ जोडली, उरलेलं टोक भोकातून पलीकडे ढकलून दिलं. पाच मिनिटांचं काम. मॉडेमवरचा आकडा पंचेचाळीसवर आला. बाहेर जाणारा वेग मी तीनदा मोजला, विश्वास बसेना म्हणून. लाइनमन म्हणाला, "बघा, आता कसा गप बसलाय." मी त्याला चहा दिला. तो बसला असता तर मला आवडलं असतं, पण त्याला गगनबावड्याच्या रस्त्यावर कुठंतरी पडलेला खांब बघायला जायचं होतं.

त्या संध्याकाळी साडेसहाला दादा समोर आला आणि मी सवयीनं पहिलीच ओळ गर्जून वाचली. दादा दचकला. डावा हात वर करून त्यानं खाली दाबल्यासारखा केला.

"हळू," तो म्हणाला.

हा शब्द त्याच्या पंचवीस शब्दांत नव्हता. भाचा धावत आला. "आत्ती, काय केलंस? एकदम समोर बसल्यासारखी दिसतेयस!" मी हळू वाचलं. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता, दोन महिन्यांत पहिल्यांदा. कॉर्नरला मी पेनल्टी म्हटलं, त्यानं लगेच "न्हाय!" म्हटलं. गोल झाला तेव्हा त्याचा हात वर गेला. बातमी संपली. मी घड्याळ बघितलं. नऊ मिनिटं.

"चल आत्ती, ठेवू?" भाचा म्हणाला. "उद्या बोलू."

ठेव म्हटलं. अजून काय म्हणणार? वाचायचं होतं ते वाचून झालं होतं, ऐकायचं होतं ते त्यानं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी आठ मिनिटं झाली, तिसऱ्या दिवशीही तेवढीच. भाच्याचा निरोप आला की दादा पोटभर जेवतोय, झोपतोय. मला आनंद झाला, खोटं नाही सांगत. पण आधी ती चाळीस मिनिटं माझी असायची. ओरडण्यात, चिडण्यात, "ऐकू येतंय का" विचारण्यात माझी संध्याकाळ सरायची. आता पावणेसातला सगळं आटोपायचं आणि पुढे जेवायची वेळ होईपर्यंत मी हात मांडीवर ठेवून बसायचे. मीच दुरुस्त करून ठेवलं होतं, तक्रार कोणाकडे करणार?

चौथ्या दिवशी, फोन ठेवल्यावर, गॅलरीतला पत्रा वाजला. बोटानं दोनदा. मी बाहेर आले. अक्का पत्र्याच्या कडेला धरून उभ्या होत्या, अंगानं निम्म्या झालेल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण नजर माझ्या खांद्याच्या बाजूला जात होती.

मला वाटलं, काढा म्हणाल्या तरी वायर काढल्याचा जाब विचारायला आल्यात. मी उत्तर तयार ठेवलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "सेमीफायनलचं काय झालं?"

मला कळेना. "कसलं?"

"मॅचचं, दुसरं कसलं? चार दिस झालं, काय वाचंनासा झालाय तुमी." त्यांनी पत्र्यावरचा हात सरकवला. "टीव्ही दिला आन दुसऱ्या दिवसापासनं तुमी मोठ्यानं वाचाय लागला. मी पलंग भिंतीला वडला की. रोज ऐकतो मी. म्हटलं, बाई बोलत न्हाईत, पर डोळं गेल्यालं कळलंया त्यास्नी, म्हणून माझ्यासाठी वाचत्यात. दोन-दोनदा वाचत्यात, मला नीट कळाय पायजे म्हणून."

मी पत्र्याला टेकले.

"वायर काढलासा, ऱ्हाऊ दे. मीच म्हटलं हुतं काढा. पर वाचायचं कशाला बंद केलं?"

दादाला ऐकू जात नव्हतं म्हणून मी ओरडत होते, हे मला सांगता आलं असतं. तुमचा टीव्ही गेला हे मला तीन दिवसांपूर्वी लाइनमननं सांगितलं, डोळ्यांचंही त्यानंच, हेही सांगता आलं असतं. प्रयोगशाळेत मी खोट्या नोंदी कधी चालवून घेतल्या नाहीत.

"घसा बसला होता," मी म्हटलं.

आत जाऊन पेपर आणला, खुर्ची ओढून पत्र्याला लावली. पलीकडे त्यांनीही स्टूल ओढल्याचा आवाज आला. अक्का हातभर अंतरावर बसल्या होत्या, तरी मी मोठ्यानंच वाचायला सुरुवात केली.